जनरलच्या दगडाखाली

ऑर्विल स्टाउफरला जिवंत माणसं फारशी जमायची नाहीत. मेलेली मात्र सगळी पाठ होती. शेहेचाळीस वर्षं त्यानं आमच्या लॉरेल फोर्डची दफनभूमी सांभाळली. रस्त्यात भेटला की मान खाली घालून जायचा. पण एकदा मी त्याला सहज विचारलं, "फेगलींचं नवं घर कुठं रे?" तर म्हणाला, "कुठले फेगली? चौथ्या ओळीतले, की कुंपणाजवळचे?" मी हसलो. त्याला त्यात हसण्यासारखं काय ते कळलंच नाही.

खड्डा खणायची त्याची एक रीत होती. आधी चार खुंट्या, मग पांढरी दोरी, मग वरचं गवत चौकोनी कापून बाजूला सावलीत ठेवायचं. शेवटी तेच गवत पुन्हा वर बसवायचा, त्याच क्रमानं. खणायचं यंत्र आलं तेव्हा गावच्या परिषदेनं त्याला समजावलं, की अर्ध्या तासात काम होतं. तो म्हणाला, "असेल." आणि फावडं घेऊन गेला. अशा माणसाशी वाद तरी काय घालणार.

गावात शिरताना एक हिरवी पाटी लागते. लॉरेल फोर्डच्या तीन थोर माणसांची नावं तिच्यावर आहेत. पहिले जनरल जोसाया ट्रंबोर, ज्यांनी यादवी युद्धात एक पूल दोन तास राखला. दुसऱ्या एल्मायरा डॉर्नी, ज्यांनी चुलीच्या झाकणाला हात न भाजणारी मूठ शोधून काढली. तिसरा एक बेसबॉलपटू, जो मोठ्या संघात नऊ दिवस खेळला. बाहेरचे लोक पाटी वाचून हसतात. हसोत. त्यांच्या गावाला नऊ दिवससुद्धा कुणी मिळालं नसेल.

त्यातले आमचे खरे म्हणजे जनरलच. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाला, सकाळी दहा वाजता सगळं गाव त्यांच्या दगडापाशी जमतं. शाळेचा बँड वाजतो. जनरलनी पुलावरून बायकोला लिहिलेलं पत्र वाचलं जातं. मग माजी सैनिकांच्या सात बंदुका तीन वेळा झडतात, आणि त्यानंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि बटाट्याची कोशिंबीर. पत्र वाचणारा मी, आणि बंदुकांना हुकूम देणाराही मीच. माझं नाव लॉइड केस्टर. मुख्य रस्त्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. माझ्या पणजोबांचे वडील त्या पुलावर जनरलच्या शेजारी लढताना पडले. व्हिएतनामहून मी परत आलो तेव्हा गावात कुणी मला काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण त्या एका सकाळी, त्या दगडापाशी, मी कुणीतरी असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे केलं त्याला दुसरं काही कारण नाही.

आता बर्निसबाई. बर्निस हॉलोपीटर, वय अठ्ठ्याऐंशी, चाळीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं, लग्न केलं नाही. दर रविवारी चर्च सुटलं की घडीची खुर्ची घेऊन त्या दफनभूमीत जायच्या आणि खालच्या उतारावर एका लहान दगडापाशी बसायच्या. दगडावर कोकरू कोरलेलं, खाली 'वेंडेल, वय वर्षं चार'. हा त्यांचा धाकटा भाऊ. एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यात तो गिरणीच्या पाटात बुडाला. त्या दिवशी त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम सात वर्षांच्या बर्निसकडे होतं. शेजारी फटाके उडत होते, वेंडेल आवाजाला भ्यायला आणि पळाला. आईनं त्यांना कधी बोल लावला नाही. मरताना एवढंच म्हणाली, "त्याला एकटं पडू देऊ नकोस." म्हणून हे रविवार.

स्मृतिदिनाला बंदुका झडल्या की बर्निसबाई खाली त्या कोकरावर दोन्ही हात ठेवायच्या. मला वरून दिसायचं. म्हातारपणाची सवय म्हणून मी सोडून द्यायचो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये, बर्फ वितळून चिखल झाला होता तेव्हा, बर्निसबाई ऑर्विलच्या अवजारांच्या खोलीत गेल्या. पुढचं मला ऑर्विलनंच सांगितलं, तुटक तुटक, माझ्या दुकानात खिळ्यांच्या पेट्यांपाशी उभं राहून.

"मोजमाप घेऊन ठेव बाबा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, पानगळ बघेन न बघेन. मला वेंडेलच्या डाव्या अंगाला ठेव. उजवा हात त्याच्याकडे यायला हवा. त्या दिवशी मी डाव्या हातानं धरला होता त्याला, नि सुटला."

ऑर्विल दोरी घेऊन उठला. खुंट्या घेतल्या. दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

"बर्निसबाई, तो तिथं नाही," तो म्हणाला.

"कोण नाही?"

"वेंडेल."

असं पंचेचाळीस वर्षांनी त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

झालं होतं असं. आमचं जुनं गाव खाली नदीकाठी होतं. एकोणीसशे सत्तावन्नमध्ये धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. माणसं वर आली, तशी मेलेलीही वर आणायची होती. सरकारनं पाईनच्या लहान पेट्या दिल्या होत्या, हातभर रुंद नि दोन हात लांब, कारण जुन्या कबरींतून निघणार ते किती. जनरलनाही तेवढीच पेटी आणि चार वर्षांच्या पोरालाही तेवढीच. दगड एका ट्रकमधून यायचे, पेट्या दुसऱ्या. पेटीवर आकडा रंगानं लिहायचा हुकूम होता. पण नोव्हेंबरच्या ओलीत रंग वाळेना, म्हणून त्या कामावर असलेल्या ऑर्विलच्या बापानं, एमॉसनं, खडू घेतला. शेवटच्या फेरीला पाऊस लागला. वर पोचेपर्यंत दोन पेट्यांवरचं पार धुऊन गेलं होतं. बसवायचे दगडही दोनच उरले होते, एक उंच, एक कोकराचा. मुकादम घड्याळ बघत होता. एमॉसनं अंदाजानं पेट्या ठेवल्या आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

चौऱ्याहत्तर साली बर्निसबाईंची आई गेली. ऑर्विल नुकताच कामाला लागला होता. वेंडेलच्या शेजारी तिच्यासाठी खणताना बाजूची माती ढासळली, कुजलेल्या पेटीचा कोपरा उघडा पडला आणि त्यातून एक पितळी बटण त्याच्या बुटापाशी आलं. त्यावर गरुड होता. लष्करी कोटाचं बटण. चार वर्षांच्या पोराच्या अंगावर ते असायचं काही कारण नव्हतं. ऑर्विलनं ते खिशात टाकलं, माती नीट केली आणि दुपारी जेवताना बापाच्या ताटाशेजारी ठेवलं. एमॉसनं चमचा खाली ठेवला आणि खडूचं सांगितलं. "मी आहे तोवर बोलू नकोस," म्हणाला. पाच वर्षांनी एमॉस गेला. मग आपल्या आईला काय वाटेल म्हणून ऑर्विल गप्प राहिला, मग नोकरीसाठी, आणि मग काही कारण नसतानाही.

"पंचेचाळीस वर्षं मी दर रविवारी कुणाशी बोलत होते रे?" बर्निसबाईंनी विचारलं.

"जनरलशी."

"आणि माझी आई?"

"तीही त्यांच्याच शेजारी."

त्या रडल्या नाहीत. उठून त्याच्या कानफटात मारली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात जोर तो कितीसा, पण ऑर्विल मला सांगताना गालावर हात ठेवून होता. बर्निसबाई दारात गेल्या, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण चौकटीला धरून त्या तिथंच खाली बसल्या.

"बंदुका," त्या म्हणाल्या. "अरे, दरवर्षी त्याच्या उशाशी बंदुका उडवता तुम्ही. एकवीस बार. त्याला फटाकेसुद्धा सोसायचे नाहीत."

ऑर्विलनं हातातली दोरी गुंडाळून ठेवली.

"मला उकरायचं नाही कुणाला," त्या म्हणाल्या. "आई जिथं आहे तिथं राहू दे. मलाही कुठंही टाक. पाटीवर काय लिहायचं ते लिहा. बंदुका तेवढ्या थांबव. त्याला मी एकदा आवाजात एकटा सोडलाय."

म्हणून तो माझ्या दुकानात आला होता. तंबाखूच्या जुन्या डबीतून त्यानं बटण काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

मी ते उलटंपालटं केलं. मला पहिली काळजी वाटली ती वेंडेलची नव्हती. "असली बटणं बाजारात मिळतात," मी म्हणालो.

"मिळत असतील."

"तुझा बाप प्यायचा, ऑर्विल."

"प्यायचा. पण ह्या बाबतीत शुद्धीवर होता." मग माझ्याकडे सरळ बघून, जे तो कधी करत नसे, म्हणाला, "लॉइड, मी परिषदेत जाऊन बोललो तर हसतील. तू बोललास तर ऐकतील. हे तुझ्याकडं ठेव. फक्त बंदुका खाली फाटकाजवळ उडवा. तिथं पुरलेली सगळी मोठी माणसंच आहेत."

"बघतो," मी म्हणालो.

हा शब्द मी दुकानात दिवसातून वीस वेळा वापरतो, माल नसतो तेव्हा.

परिषदेची बैठक झाली. मी गेलो. बटण खिशात होतं. चर्चा झेंड्यांच्या काठ्यांवर झाली, सँडविच कोण आणणार यावर झाली. मेयर कोरिन मोयर म्हणाल्या, "लॉइड, तुझं काही?" मी म्हणालो, "पत्राची प्रत जुनी झालीय, नवी छापून घ्या." बस्स. जनरल गेले तर त्या सकाळी तिथं उभा राहणारा मी कोण, हा एकच विचार डोक्यात होता. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

स्मृतिदिन उजाडला. ऊन छान होतं. बर्निसबाईंची खुर्ची त्या वर्षी खाली नव्हती. वर होती, जनरलच्या दगडाला लागून. लोकांना कौतुक वाटलं. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "बघा, या वयात जनरलचा मान ठेवायला वर आल्या." ऑर्विल कुंपणाशी टोपी हातात घेऊन उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मी पत्र वाचलं. मग हुकूम दिला.

पहिल्या फैरीला बर्निसबाई खुर्चीवरून घसरून गुडघ्यांवर आल्या आणि गवतावर दोन्ही तळवे दाबून धरले, जिथं कान असतील अशा अंदाजानं. दुसरीला ऑर्विल निघाला होता. तिसरीसाठी बंदुका वर गेल्या तेव्हा तो दगड आणि पथक यांच्यामध्ये येऊन उभा होता, हात पसरून. शेहेचाळीस वर्षांत त्याला चारचौघांत मोठ्यानं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

"थांबा!" तो ओरडला. "खाली लेकरू आहे! घाबरतंय ते!"

बँडमधल्या पोरी फिसकन हसल्या. रस्टी फेगली, पथकातला माझा दुय्यम, म्हणाला, "काय रे ऑर्विल, सकाळीच?"

"जनरल इथं नाहीत. आमच्या बाबांनी चूक केली. लॉइडला माहीत आहे. लॉइडला विचारा!"

सगळं गाव माझ्याकडे वळलं. मेयरबाईंनी विचारलं, "लॉइड? काय म्हणतोय हा?"

बटण माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. छातीला लागत होतं.

मी पुढं गेलो, ऑर्विलच्या कोपराला हळूच हात लावला आणि म्हणालो, "त्याला बरं नाही. ऊन लागलं असेल. चल ऑर्विल."

तो आला माझ्याबरोबर. झटापट नाही, शिवी नाही. झाडाखाली मी त्याला बसवलं, परत आलो आणि तिसरा हुकूम दिला.

नंतरचं भराभर झालं. परिषदेनं फार गोड शब्दांत त्याला निवृत्त केलं, केक कापला, किल्ल्या काढून घेतल्या. गावात जो तो सांगायचा, "मेलेल्यांत राहून राहून डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या." पोरं त्याच्या मागून "लेकरू घाबरतंय" असं ओरडायची. सप्टेंबरात तो दुकानात आला, फावड्याचा दांडा घ्यायला. फावडं आता त्याला कशाला लागणार होतं कुणास ठाऊक. मी दांडा बांधून देताना म्हणालो, "ऑर्विल, त्या दिवशी…"

त्यानं मला बोलू दिलं नाही. "बटण आहे ना?"

"आहे."

"सांभाळ. लहान वस्तू आहे, हरवते."

तो मला चिडून बोलला असता तर माझी सुटका झाली असती. तो खरंच काळजीनं सांगत होता, मी कधीतरी बोलणार असं धरून.

नोव्हेंबरात तो झोपेत गेला. खड्डा यंत्रानं अर्ध्या तासात झाला. कडा वेड्यावाकड्या, आणि गवत तर ठेकेदारानं मातीबरोबरच ढिगात घातलं. तो मातकट चौकोन बघून मला उभं राहवेना. पाद्री म्हणाले, शेवटी शेवटी त्याचं मन भरकटलं होतं, देव समजून घेईल. मी तेव्हाही बोललो नाही.

डॉक्टरांचं भाकीत खोटं ठरवून बर्निसबाई मात्र टिकल्या. मार्चमध्ये एका रविवारी मी त्यांच्याकडे वर गेलो. त्या जनरलच्या दगडापाशी खुर्ची टाकून, पायावर रजई घेऊन बसल्या होत्या. मी बटण त्यांच्यापुढं धरलं आणि सांगितलं, की हे त्या दिवशी माझ्या खिशात होतं.

त्यांनी बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तरीच," म्हणाल्या. "मला वाटायचं, ऑर्विल तुझं नाव का घेतोय. मी सांगून बघितलं, तर वय झालं म्हणाले."

"मेमध्ये मी बंदुका उडवू देणार नाही."

"कारण काय सांगशील?"

"काडतुसं ओली झाली म्हणतो. काहीतरी सांगतो."

"म्हणजे वेंडेल सुटला आणि ऑर्विल वेडाच राहिला." त्यांनी हात पुढं केला. "आण ते इकडं."

मी दिलं. काठी टेकत त्या उतारावरून खाली गेल्या, मी मागून. कोकराच्या दगडापाशी वाकून त्यांनी बोटानं ओल्या मातीत भोक पाडलं, बटण आत सारलं, वरून माती दाबली. "ज्याचं त्याला पोचलं," त्या म्हणाल्या.

"अहो, तो एकच पुरावा होता!" मी म्हणालो.

"तुझ्याकडं होता तेव्हा काय केलंस त्याचं?"

माती दोनदा दाबून त्या परत चढायला लागल्या. मी वाकून ते शोधू शकलो असतो. नाही शोधलं. मला वाटलं, ऑर्विलही रिकाम्या हातानंच उभा राहिला होता.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार आला. बँड वाजला. पत्राचा कागद मी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, "ऑर्विल स्टाउफर वेडा नव्हता. तो खरं बोलत होता, आणि मला ते माहीत होतं." खडू, पाऊस, दोन पेट्या, बटण, सगळं सांगितलं. गेल्या वर्षी मी काय केलं तेही सांगितलं.

"बटण बघू," मेयरबाई म्हणाल्या.

"आता नाही माझ्याकडं."

मागून कुणीतरी हसलं. "ऑर्विल लागला वाटतं ह्याला," असं म्हणालेलं मला स्पष्ट ऐकू आलं. माझी स्वतःची सून खाली बघत होती. मेयरबाई पुढं आल्या, माझ्या कोपराला हळूच हात लावला आणि म्हणाल्या, "ऊन लागलंय, लॉइड. चल, सावलीत बस."

तो हात कसा लागतो ते मला तेव्हा कळलं. ऑर्विल शिवी न देता माझ्याबरोबर का आला तेही कळलं. त्या हाताला उत्तर देता येत नाही.

मी झाडाखाली बसलो. रस्टी माझ्या जागी उभा राहिला आणि त्यानं हुकूम दिला. सात बंदुका वर गेल्या. पण आवाज तेवढा झाला नाही. मी वळून बघितलं. चार जणांनी बंदुका पुन्हा खाली घेतल्या होत्या. चौघंही जमिनीकडे बघत होते, कुणाशी नजर मिळवत नव्हते. तीनच झडल्या. दुसऱ्या वेळीही तीन, तिसऱ्या वेळीही तीनच. लोक कुजबुजत तळघराकडे निघून गेले.

बर्निसबाई गवतावरून उठल्या, मी हात दिला. गुडघ्यांची माती झटकून त्यांनी खुर्ची मिटली आणि माझ्या हातात दिली.

"तीन राहिल्या अजून," त्या म्हणाल्या.